मोटारबोट शिकायचीय? टिलर तुमच्या हातात किती वेळ राहणार, ते आधी विचारा

माझ्याकडं मोटारबोट चालवता येत असल्याची दोन सर्टिफिकेटं आहेत. पहिलं लॅमिनेट करून दुकानात भिंतीवर लावलं होतं. ते नंतर मीच काढलं.

२०१९ च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या आमच्या गावात दहा-बारा जणांनी मनावर घेतलं, की पुढच्या पुराआधी बोट चालवायला शिकायचं. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान. ‘मोटार म्हटलं की तुझंच काम’ असं म्हणून सगळ्यांनी मलाच पुढं ढकललं. किनारपट्टीवरचा एक कोर्स सापडला, पाच दिवसांचा, राहणं-जेवण धरून. एका बोटीत आम्ही नऊ जण. सकाळभर वर्गात स्लाइड, दुपारी भरपेट जेवण, उन्हं कलली की पाण्यात. बोटीला गाडीसारखं स्टिअरिंग. पाच दिवसांत ते माझ्या हातात आलं असेल एकूण तासभर, तेही मोकळ्या पाण्यात, नाकासमोर. शेवटच्या दिवशी ग्रुप फोटो आणि सर्टिफिकेट.

गावच्या बोटीला स्टिअरिंग नव्हतंच. मागं लटकवलेलं इंजिन आणि त्याचा दांडा, म्हणजे टिलर. पहिल्याच दिवशी घाटाकडं येताना मला डावीकडं वळायचं होतं, म्हणून दांडा डावीकडं ढकलला. बोट गेली उजवीकडं, थेट पायऱ्यांवर. गडबडीत मूठ सोडायची, तर मी ती पिळली, मोटारसायकलची पिळतो तशी. इंजिनाचा पाण्यातला पंखा दगडी पायरीवर बसला, आतली पिन तुटली. इंजिन नुसतं ओरडतंय आणि बोट प्रवाहाबरोबर खाली चाललीय. काठावर म्हशी धूत असलेल्या पोरानं कासरा फेकला, म्हणून थांबलो.

त्यात कोर्सची चूक होतीच, पण निवडीची चूक माझी. दुसऱ्या वेळी नीट चौकशी करून गेलो, आणि तेव्हापासून सांगली-साताऱ्यातल्या ओळखीच्या बऱ्याच पोरांना कोर्स निवडायला मदत केली. त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथं क्रमानं लिहितोय.

१. आधी पाणी ठरवा

‘बोट शिकायचीय’ असं म्हणून कोणी आलं की मी पहिलं विचारतो, कुठल्या पाण्यात चालवणार? आपल्या दोन जिल्ह्यांत याची उत्तरं साधारण दोनच असतात, आणि ती दोन पाणी एकमेकांसारखी अजिबात नाहीत.

पहिलं कोयनेचं. शिवसागर जलाशय, १०५ टीएमसीचा. तापोळा, बामणोली, शेंबडी इथले बोट क्लब, आणि आता मुनावळ्यात सुरू झालेलं जलपर्यटन केंद्र. बामणोलीहून वासोट्याच्या पायथ्याला जायला बोटीनं तास-दीड तास लागतो. पाणी वरून संथ दिसतं, पण दुपारनंतर डोंगरातून वारा उतरला की लाटा उठतात आणि हलकी फायबर बोट आडवी सरकायला लागते. हिवाळ्यात सकाळी धुकं असतं, समोरचा डोंगर गायब. आणि उन्हाळ्यात धरणाचं पाणी जसं उतरेल तशी बुडालेल्या झाडांची खोडं, जुने बांध, पडक्या भिंती वर येतात. काही वर येतात, काही पाण्याच्या वीतभर खाली राहतात. पंखा तोडतात त्या दुसऱ्या. म्हणजे इथं चालवणाऱ्याला वारा ओळखता आला पाहिजे, खुणा धरून जाता आलं पाहिजे आणि पर्यटकांची ने-आण करायची म्हणून माणसं चढवणं-उतरवणं चोख जमलं पाहिजे.

दुसरं पाणी कृष्णेचं. एरवी ही नदी शांत. आमच्याकडं होड्यांच्या शर्यती लागतात त्या याच पाण्यात. पण बोट खरी लागते ती पुरात. तेव्हा प्रवाह असतो, पुलाचे खांब असतात, हरिपूरला वारणा येऊन मिळते तिथं दोन पाण्यांची ओढ वेगवेगळी असते. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाण्याखाली जातात. वरून नुसती एक गुळगुळीत घडी दिसते, पण तिच्या खालच्या अंगाला पाणी उलटं फिरत असतं आणि त्यात सापडलेली बोट बाहेर पडत नाही. गावात शिरलेल्या पाण्यात विजेच्या तारा डोक्याला लागतील इतक्या खाली, उसाचा पाला आणि ठिबकच्या नळ्या पंख्यात गुंडाळणार. संथ तलावात शिकलेल्या माणसाला यातलं काहीच माहीत नसतं.

समुद्राचा तिसरा पर्याय हौशी लोकांचा. अलिबाग, मालवण, गोव्याकडं फिरायला जाणाऱ्यांनी भरती-ओहोटी, नकाशा, वायरलेस हे सगळं शिकावं. पण कोयनेत नोकरी करायची असेल तर भरतीचं वेळापत्रक शिकण्यात घातलेला दिवस वाया जातो, हे फी भरण्याआधी कळलेलं बरं.

२. मग बोट आणि इंजिन

ज्या बोटीवर काम करणार तिचा मोबाइलवर फोटो काढा. इंजिनाचा जवळून एक, बोटीचा लांबून एक. चौकशीला जाल तिथं तो दाखवून विचारा, ‘अशीच बोट शिकवता का?’

फरक मुख्यतः दोन जागी असतो. एक, टिलर की स्टिअरिंग. टिलरवर बसणाऱ्याला दांडा उलटा ढकलावा लागतो. बोट उजवीकडं न्यायची तर दांडा डावीकडं. उसाची ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर ज्यानं रिव्हर्स घेतलाय त्याला हे एका दिवसात जमतं, कारण डोक्यात तीच उलटापालट आधी झालेली असते. नुसती कार चालवणाऱ्याला वेळ लागतो. आमच्या गटात सगळ्यात लवकर शिकला तो कारखान्याला ऊस ओढणारा ड्रायव्हर.

दोन, बोट कडक अंगाची की हवेची. आपत्तीच्या कामात रबरी बोट असते, तिच्यामागं काढून लावायचं इंजिन. बचाव पथकातली माणसं त्याला ‘ओबीएम’ म्हणतात. ही बोट पाण्यावर तरंगत्या ताटासारखी घसरते, वाऱ्यानं भरकटते, पण माणूस पाण्यातून आत ओढून घ्यायला तिच्यासारखी सोयीची दुसरी नाही. पर्यटनाची फायबर बोट जड, तिला थांबायला लांब अंतर लागतं. एकीवर बसलेला हात दुसरीवर चालतोच असं नाही.

इंजिन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, हे चालवताना फार जाणवत नाही. तेल पेट्रोलमध्ये मिसळायचं की वेगळं ओतायचं, एवढं पक्कं ठाऊक हवं. चुकीचं केलंत तर इंजिन जाम होतं आणि दुरुस्तीच्या बिलात दुसरा कोर्स झाला असता.

३. सर्टिफिकेट आणि परवाना

इथं सगळ्यात जास्त फसवणूक होते, म्हणून थोडं थांबतो.

कोर्स संपल्यावर मिळतो तो शिकल्याचा दाखला. पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना तो नव्हे. नद्या, तलाव, धरणं अशा आतल्या पाण्यातल्या बोटींसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट आलाय. त्यात यांत्रिक बोटीची तपासणी, नोंदणी आणि चालवणाऱ्यांचं सक्षमता प्रमाणपत्र हे वेगवेगळे विषय आहेत. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड बघतं. त्यावर धरणाच्या पाण्यासाठी जलसंपदा खातं आणि कोयनेसारख्या अभयारण्याच्या हद्दीत वन खातं, यांच्या परवानग्या निराळ्या.

तर नोकरीसाठी शिकणाऱ्यानं उलट्या बाजूनं सुरुवात करावी. आधी जिथं काम करायचंय त्या बोट क्लबात जाऊन विचारायचं, ‘तुम्ही कुठला दाखला धरता?’ मग तो दाखला देणारा कोर्स शोधायचा. आधी कोर्स करून मग नोकरी शोधणारे दोन जण माझ्या माहितीत आहेत. त्यातल्या एकाला चालणारा कागद मिळवायला पुन्हा शिकावं लागलं. कोर्सवाला फोनवर ‘सगळीकडं चालतं’ म्हणाला, तर ते व्हॉट्सॲपवर लिहून मागा. लिहायची वेळ आली की ‘सगळीकडं’चं ‘बहुतेक ठिकाणी’ होतं.

४. कोर्स कुठले असतात

केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाखालची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था गोव्यात आहे. जीवरक्षणाचा आणि पॉवरबोट हाताळणीचा असे तिचे कोर्स असतात. जलपर्यटनात काम करू पाहणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना मी पहिल्यांदा तिचं नाव सांगतो. सांगलीहून आंबोली उतरलं की गोवा काही लांब नाही, राहायचा खर्च मात्र हिशोबात धरा. नाव नोंदवताना टिलरचं शिक्षण हवंय की स्टिअरिंगचं, हे आधीच सांगा.

रॉयल यॉटिंग असोसिएशन या ब्रिटिश संस्थेचे पॉवरबोट कोर्स मुंबई-गोव्याकडं काही केंद्रांत चालतात. लेव्हल १ एका दिवसाचा, लेव्हल २ दोन दिवसांचा. शिस्त उत्तम, एका शिक्षकामागं विद्यार्थी मोजके. पण फी जास्त, भाषा बहुधा इंग्रजी आणि सगळा ढाचा समुद्राचा. परदेशात बोटीवर काम शोधायचं असेल तर जरूर करावा. गावच्या पूर पथकासाठी मी तो सुचवणार नाही.

पूर पथकासाठी मी सुचवतो तो रस्ता म्हणजे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कलेक्टर ऑफिसात. ‘आपदा मित्र’ योजनेतून स्वयंसेवकांना निवासी प्रशिक्षण मिळतं. त्यात प्रथमोपचार, शोध-बचाव असं बरंच असतं आणि बोट हा त्यातला एक भाग. एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ आहे, तिची पथकं पावसाळ्याआधी नदीकाठी प्रात्यक्षिकं घेतात. प्रात्यक्षिक बघून बोट येत नाही, पण तिथल्या जवानाला गाठून चार प्रश्न विचारता येतात. यासाठी ग्रामपंचायतीचं पत्र लागतं. ते मार्चमध्येच द्या. जूनमध्ये सगळी गावं एकदम जागी होतात.

आणि शेवटचा मार्ग, ज्याला कोणी कोर्स म्हणत नाही. जुन्या नावाड्याच्या हाताखाली महिनाभर. माझा मेहुणा जावळी तालुक्यातला, त्याच्या ओळखीनं मी बामणोलीकडच्या एका तात्यांकडं काही दिवस काढले. कागद काही मिळाला नाही. पण माझं दुसरं सर्टिफिकेट ज्या कोर्सचं, तिथं मी पहिल्याच सकाळी बाकीच्यांच्या पुढं होतो ते तात्यांमुळं. ज्यांना जमेल त्यांनी दोन्ही करावं, आणि नावाड्याकडं आधी जावं.

५. हिशोब दिवसांचा नको, तासांचा करा

जाहिरातीत दिवस छापलेले असतात. तुम्ही तास काढा. पाण्यातले एकूण तास भागिले एका बोटीतली शिकणारी माणसं.

माझा पहिला कोर्स घ्या. पाच दिवस, रोज तीन तास पाण्यात, म्हणजे पंधरा तास. नऊ जण. प्रत्येकाला निघतात एक तास चाळीस मिनिटं, आणि पेट्रोल भरणं, बदलाबदली, फोटो हे वजा जाता उरला तासभर. आता दोन दिवसांचा एखादा कोर्स घ्या, रोज पाच तास पाण्यात, तीन जण. प्रत्येकाला तीन तास वीस मिनिटं. दोन दिवसांत दुप्पट शिक्षण. फीला या तासांनी भागलं की कुठला कोर्स स्वस्त आणि कुठला महाग ते तिथंच उघडं पडतं. माझ्या मते नवख्या माणसाच्या हातात तीन तासांपेक्षा कमी टिलर मिळत असेल तर तो कोर्स घेऊ नये.

फोनवर एवढं विचारा:

एका बोटीत शिकणारे किती? रोज पाण्यात किती तास?
बोट कुठली, टिलर की स्टिअरिंग?
मी स्वतः बोट काठाला किती वेळा लावणार?
माणसं भरून बोट चालवायला मिळेल का?
पाण्यात पडलेल्याला काढण्याचा सराव माझ्या हातून होणार की नुसता दाखवणार?
वारा-पाऊस आला आणि पाण्यातला वेळ गेला तर तो भरून देता का?
शिकवणार कोण, आणि तो मराठीत किंवा हिंदीत समजावतो का?

शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. ‘न्यूट्रल’ म्हटल्यावर अर्ध्या सेकंदात हात हलला पाहिजे. तिथं मनात भाषांतर करत बसायला वेळ नसतो.

चौथ्या प्रश्नाचं महत्त्व सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ पूरग्रस्तांना आणणारी बोट उलटली आणि कितीतरी घरांतली माणसं गेली. बोटीत दोघं असताना ती जशी वळते तशी दहा जण असताना वळत नाही. बोटीची कड पाण्याला टेकायला येते, थांबायचं अंतर वाढतं, एका बाजूला दोघं उभे राहिले तरी कलते. पुरात घाबरलेली माणसं गाठोडी आणि शेरडं घेऊन चढू बघतात आणि ‘आता बास’ म्हणायचं काम चालवणाऱ्याचं असतं. हे म्हणायचा सरावसुद्धा कोर्समध्ये झाला पाहिजे. आमच्या दुसऱ्या कोर्सच्या शिक्षकानं मुद्दाम चार जणांना धक्काबुक्की करत बोटीत चढायला लावलं होतं. तेव्हा आम्ही हसलो होतो.

६. पैसे भरायच्या आधी एकदा जाऊन बघा

अर्धा तास पुरतो. सांगू नका, तसेच जा. कुणाची तरी बॅच पाण्यात असेल अशी वेळ गाठा.

पहिलं बघा, शिक्षकाच्या स्वतःच्या अंगात लाइफ जॅकेट आहे का. नसेल तर परत फिरलात तरी चालेल. मग विद्यार्थ्यांची जॅकेटं. कुणाला तरी खांद्याच्या पट्ट्या धरून वर उचलायला सांगा. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते मापाचं नाही, पाण्यात ते गळ्यातून निघून जाणार. जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो. ५० चं जॅकेट पोहणाऱ्याला हातभार लावण्यापुरतं. १५० चं बेशुद्ध माणसालाही बहुधा तोंड वर ठेवून तरंगवतं. पोहता येत नसेल तर कितीचं मिळणार ते विचारा.

दुसरं, इंजिनापासून चालवणाऱ्याच्या अंगाला लाल, स्प्रिंगसारखी दोरी अडकवलेली दिसते का. ही किल स्विचची दोरी. चालवणारा पाण्यात पडला की ती निसटते आणि इंजिन बंद होतं. नाहीतर रिकामी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते, पंख्यासकट. ती दोरी इंजिनाला नुसतीच गुंडाळून ठेवलेली असेल तर तिथं शिकू नका. हा एकच मुद्दा पुरेसा आहे.

तिसरं, इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडतेय का. ती पडतेय म्हणजे थंड करणारं पाणी आत फिरतंय. धार बंद असताना कोणी बोट पळवत असेल तर देखभालीचा अंदाज आलाच.

चौथं, मदतीला दुसरी बोट आहे का. एकच बोट आणि ती बंद पडली तर काय, असं विचारल्यावर ‘बंद पडत नाही’ हे उत्तर मिळालं, तर नमस्कार करून निघा.

७. अभ्यासक्रमात एक गोष्ट हवीच: काठाला लावणं

बोट मोकळ्या पाण्यात चालवणं दहा मिनिटांचं काम. शिकायचं असतं ते काठाला येणं, आणि त्याचाच वेळ सगळे कोर्स कापतात. तात्यांनी मला शिकवलं ते असं. पेट्रोलचा पिवळा रिकामा कॅन दोरीला दगड बांधून पाण्यात सोडला आणि म्हणाले, ‘दाजी, कॅन हाताला लागला पाहिजे, बोटीला नाही.’ मेहुणा दाजी म्हणतो म्हणून तेही दाजीच म्हणायचे.

पहिल्या वेळी मी कॅनवरून गेलो. दुसऱ्या वेळी दोन हात लांब थांबलो. तात्या काही बोलले नाहीत, बिडी ओढत बसले. पाचव्या वेळी म्हणाले, ‘वारा कुठनं येतोय?’ तेव्हा लक्षात आलं की मी वाऱ्याला पाठ देऊन येत होतो आणि वारा मला पुढं ढकलत होता.

रीत अशी. वारा किंवा प्रवाह, दोन्हींतलं जे जोरदार असेल त्याच्यासमोर तोंड करून यायचं. नदीत नाक कायम वरच्या अंगाला. कारण प्रवाहाविरुद्ध इंजिन हळू चालू ठेवलं की काठाच्या हिशोबानं बोट जागच्या जागी उभी राहते आणि तरी पंख्याचा ताबा असतो. प्रवाहाबरोबर आलात तर थांबायला जागाच नाही. काठाशी साधारण तिरका कोन ठेवायचा. गिअर टाकायचा, सोडायचा, पुन्हा टाकायचा. बोट न्यूट्रलमध्येही बरीच पुढं जाते, तेच तिचं चालणं. जवळ आलं की नाक बाहेर वळवायचं म्हणजे अंग काठाला समांतर होतं, आणि शेवटी रिव्हर्सचा एक छोटा झटका. वळताना बोटीचं ढुंगण बाहेर फेकलं जातं. चालवणारा पुढं बघत असतो आणि आपटते ती मागची बाजू.

हे मला दहाव्या वेळी एकदा जमलं आणि अकराव्या वेळी परत चुकलं. म्हणून विचारायचं, किती वेळा लावायला देणार. दोन-तीनदा म्हणाले तर कमी आहे. वीस वेळा म्हणाले तर शिकवणारा जाणता आहे.

याच्या जोडीला पाण्यात पडलेला माणूस. पडला की दांडा असा फिरवायचा, की पंखा त्याच्यापासून लांब जाईल. एकानं नजर न काढता त्याच्याकडं हातानं दाखवत राहायचं, कारण लाटेत माणसाचं डोकं नारळाएवढंच दिसतं आणि लगेच हरवतं. परत येताना नाक प्रवाहाला किंवा वाऱ्याला. माणूस हाताशी आला की इंजिन बंद, आणि मागून न घेता बोटीच्या बाजूनं आत घ्यायचा. हा सराव कापडी बाहुला किंवा कॅन वापरून प्रत्येकाकडून करून घेतला पाहिजे.

पाण्यातले वाहतूक नियम तासाभरात होतात, पण एक सवय मोडायला वेळ लागतो. समोरासमोर दोन बोटी आल्या तर दोघांनी उजवीकडं वळायचं. आपला हात आयुष्यभर डावीकडं जायला शिकलाय. पुणे-बंगळूर हायवेवर रोज मोटारसायकल मारणारा माणूस पाण्यातही डावीकडं जातो आणि समोरचा शिकलेला असेल तर दोघं एकाच जागी भेटतात.

बाकी गाठी चार पुरतात, पण त्या डोळे मिटून आल्या पाहिजेत. आणि इंजिनाचं एक साधं विचारून घ्या: सुटी पेट्रोल टाकी असेल तर तिच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. तो उघडायचा विसरलात तर इंजिन थोडा वेळ छान चालतं आणि मध्यावर जाऊन मरतं. पाइपातला रबरी फुगा दाबत बसतात लोक, प्लग काढतात, आणि दोष असतो त्या स्क्रूचा. नवख्याला हे शिकवणारा शिक्षक भेटला तर त्याला सोडू नका. पेट्रोलचा हिशोबही त्यालाच विचारा. एक तृतीयांश जाण्याचं, एक तृतीयांश येण्याचं, उरलेलं राखून.

८. कधी शिकायचं आणि जाताना काय न्यायचं

कोयनेसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला. पाणी भरलेलं, खोडं खोल. तिथंच काम करणार असाल तर मेमध्ये पुन्हा दोन दिवस जाऊन तेच पाणी उतरलेलं बघा, डोक्यात खालचा नकाशा बसतो. कृष्णेसाठी पावसाळा संपता संपता, थोडी ओढ असताना, जाणत्या माणसाबरोबर. पुरात शिकायचं नाही. सांगलीत आयर्विन पुलावर ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी धरतात. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. असल्या पाण्यात नुकता शिकलेला माणूस चालवायला बसवू नये, त्यानं पुढं बसून लाकडं आणि तारा बघाव्यात. तेही मोठं काम असतं.

पोहता येत नसेल तर कोर्सआधी महिनाभर तलावात जा. जॅकेट असतंच, पण पाण्याची भीती असलेला माणूस बोट कलली की दांडा सोडून बोटीची कड पकडतो.

जाताना पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पायातून न निसटणारे जुने बूट, टोपीला नाडी, दोन लिटर पाणी आणि मोबाइलसाठी घट्ट बंद होणारी पिशवी घ्या. एक छोटी वहीही ठेवा आणि रोज रात्री लिहा: किती मिनिटं हातात होती, किती वेळा काठाला लावली, किती वेळा आपटली. कोर्सनंतरही ती चालू ठेवा. बोट क्लबात काम मागायला जाल तेव्हा ती वही सर्टिफिकेटाशेजारी ठेवता येते.

आणि चष्मा असेल तर त्याला मागून दोरी बांधा. माझा अजून शिवसागरात आहे, त्या पिवळ्या कॅनच्या आसपास कुठंतरी.